दोनशे बाराव्या थरातला गुरुवार

'त' म्हणता ताकभात ओळखावा म्हणतात.
इथे 'त' म्हणेपर्यंत तळं आटोपतं:
लेसरचा ठिपका पुढे सरकतो,
मागे केसाच्या जाडीचं, वितळल्या निकेलचं तळं,
आणि ते गोठतं,
नाव घ्यायच्या आत.

मला तेवढंच मोजायचं असतं.
त्या एका मिलिसेकंदाला पाषाणच्या तळघरातली यंत्रं
सहा दिवस घेतात.
सोमवारी सोडलेलं गणित रविवारी हाती येतं.
मधल्या काळात मी दळण आणते,
दाढेचं रूट कॅनाल करून घेते,
बहिणीशी भांडते, गोडही होते,
आणि तिकडे तळ्याचा एक कोपरा
अजून गोठतोच आहे.

नियम साधे आहेत.
खालच्या थराचा जो कल, तो वरचा उचलतो.
उष्णता जिकडून निसटते, तिला पाठ करून दाणे वाढतात.
ज्यांचा कल जुळला ते खांबासारखे चढतात,
तिरके असतात ते दोन शेजाऱ्यांत कोंडून
मुकाट संपतात.
सुरुवातीला बीज म्हणून एक आकडा द्यावा लागतो,
कुठलाही चालतो.
मी आमच्या जुन्या लँडलाइनचा देते.
आता तो कुणाला लागत नाही.

ठोकळा भोसरीहून आला, बाकरवडीच्या डब्यातून.
मुनीर शिकलगारांनी तो उभा कापला.
त्यांच्या आडनावातच सहाण आहे;
आजोबा मंगळवार पेठेत कात्र्यांना धार लावत फिरायचे.
हे दोनशेचाळीसच्या कागदावर सुरू करतात,
बाराशेपर्यंत येतात, मग हिऱ्याची पेस्ट,
दरवेळी नमुना काटकोनात वळवून
आधीचे ओरखडे निघेपर्यंत.
शेवटी ॲसिड. ते पंधरा मोजतात
ओठ न हलवता.

भिंगाखाली माझे खांब होते!
उभे, पडद्यावर दिसले होते अगदी तसे.
मी मनात पेपरचं शीर्षक लिहायला घेतलं
तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, इथं बघा."

दोनशे बाराव्या थरापाशी एक पट्टी.
राळ्यासारखे बारीक दाणे, कुठल्याच दिशेचे नसलेले.
खांब तिथवर येऊन थबकलेले,
वरून दुसरेच कुणी सुरू झालेले.
"तुमच्या गणितात नाही हे?"
नाही.

मी लेसरची शक्ती तपासली, वेग, भुकटीची चाळणी.
मग भोसरीला फोन लावला.
"त्या दिवशी?" गोडांबे म्हणाला. "गुरुवार होता ना.
सुट्टी असून मीच बसलो होतो मशीन लावून. लाइट गेली.
एकोणचाळीस मिनिटं. मग केलं परत चालू.
का, काय प्रॉब्लेम आला का?"

गुरुवार.
पुण्यात कुणाला समजावून सांगावा लागतो का गुरुवार?
नळाला माहीत, पिंपाला माहीत,
लिफ्टपाशी थांबलेल्या म्हाताऱ्यांना माहीत.
माझ्या समीकरणांना कुणी सांगितला नव्हता.
त्यांच्यात काळ असतो,
वार नसतात.

मग एक ओळ घातली:
थर दोनशे बारा, थंडावा, तेवीसशे चाळीस सेकंद.
पुन्हा रांगेत लावलं. या वेळी नऊ दिवस.
पट्टी आली.
जरा जाड, जरा खाली, पण आली.

फक्त एक राहिलंय.
खऱ्या ठोकळ्यात एक दाणा, एकच,
ती पट्टी ओलांडून सरळ वर गेला आहे,
लाइट गेलीच नसल्यासारखा.
माझ्यात तसा एकही नाही.
बीज बदलून पाहिलं. आधी आईची जन्मतारीख, मग गाडीचा नंबर.
नाही.

आज परत गुरुवार.
शिकलगार पिंपातून तांब्याने पाणी घेतात,
आधी नमुना धुतात,
उरलेल्यात हात.